खाऊनंतर आई

डिंगोरे गावातल्या पाळणाघराचे नियम ते चालवणाऱ्या संस्थेने पुण्याहून छापून पाठवले होते आणि ते आत शिरल्याशिरल्या डाव्या भिंतीवर डकवलेले होते. ताप असलेलं मूल आणू नये. नखं कापलेली असावीत. सकाळी ज्याने मूल सोडलं त्याच्याच हाती ते परत द्यावं. शेवटचा नियम गाव बघून नंतर घातलेला, की शेजारच्या उसात बिबट्याचा वावर असल्यामुळे जाळीच्या दाराची कडी सदा लावलेली असावी. पाळणाघर सांभाळणाऱ्या प्रतिभाबाई हे सगळे पाळायच्या आणि पाळायला लावायच्या, त्यात विशेष काही नव्हतं. पण एक नियम त्यांचा स्वतःचा होता. तो भिंतीवर नव्हता, तो त्या रोज सकाळी दारात उभ्या राहून आयांना तोंडी सांगायच्या. लेकराशी खोटं बोलून जायचं नाही. आता त्या नियमाचं कुणी नाव काढलं तर त्या दुसरीकडे बघतात.

ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण सकाळची ती वेळ ज्याने पाहिली नाही त्याने बोलू नये. रस्त्यावर पिकअप उभा राहून हॉर्न मारतोय, टोळीतल्या बाया टपाटप चढतायत, टोमॅटोच्या तोडणीला उशीर झाला तर मळेवाला तोंड सोडणार, आणि इकडे पोरगं कमरेला मिठी मारून बसलेलं. मग आई काय करणार? ‘आले हं, चपला घालून आले,’ म्हणते, नाहीतर ‘तो बघ मोर’ म्हणते, आणि पोराची मान वळली की पसार होते. चपला घालायला गेलेली आई उन्हं उतरल्यावर परत येते. घरोघरी लेकरांच्या तोंडाला अशी रोज पानं पुसली जातात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही.

प्रतिभाबाईंना वाटायचं. त्यांचा स्वभाव मुळातच एक घाव दोन तुकडे असा. त्यांनी त्यावर स्वतःच्या डोक्याने एक तोड काढली होती. लहान पोरांना घड्याळ कळत नाही, पण खिचडीचा वास कळतो. म्हणून दिवसाचा क्रम त्यांनी पोरांकडून म्हणून घ्यायला सुरुवात केली. आधी गाणी, मग खिचडी, मग झोप, मग खाऊ, आणि खाऊनंतर आई. आईने निघताना पोराच्या डोळ्यांत बघून तेवढंच सांगायचं, ‘खाऊ झाला की मी येते.’ आणि खाऊ झाला की खरोखर दारात उभं राहायचं. त्यासाठी बाई टोळीची मुकादम अंजना हिच्याशी भांडल्या, मळेवाल्यांशी भांडल्या, पिकअपच्या ड्रायव्हरलाही त्यांनी दोन शब्द सुनावले. शेवटी पिकअप परतायची वेळ आणि खाऊची वेळ त्यांनी जुळवून आणलीच. एकवेळ ओतूरची एस.टी. चुकेल पण बाईंचा खाऊ चुकायचा नाही, अशी बाया त्यांची चेष्टा करत. बाईंना ती चेष्टा मनातून आवडायची.

साक्षी तिथे नवीन आली तेव्हा तिच्या पोरीला तीन सरून चौथं लागलं होतं. पोरीचं नाव संघमित्रा, घरात सगळे मित्रा म्हणायचे. नवरा रत्नदीप चाकणच्या कारखान्यात, सुट्टीपुरता यायचा. सासू फुलाबाई हिचे गुडघे धरलेले, तिला उठता बसता होईना. साक्षी काटक आणि अबोल होती, आणि सुरुवातीचे कितीतरी दिवस तिने इतर आयांसारखंच केलं. चपला घालायला गेली आणि संध्याकाळी आली. मित्रा मोठ्याने रडायची नाही. जाळीच्या दाराला दोन्ही हातांनी धरून उभी राहायची आणि दिवसभर सोडायची नाही. बायडाबाई, म्हणजे पाळणाघरातली स्वयंपाकाची बाई, तिला तिथेच उभ्या उभ्या खिचडीचे घास भरवायची. झोपेच्या वेळी ती जाळीला डोकं टेकून पेंगायची, पण बोटं तशीच घट्ट.

एका सकाळी प्रतिभाबाईंनी साक्षीला सगळ्यांदेखत धारेवर धरलं. पुन्हा खोटं बोलून गेलीस तर पोरगी इथे आणू नकोस, असं स्पष्ट सांगितलं. साक्षीचे डोळे भरले.

“खरं सांगितलं तर ती सोडत न्हाई हो बाई.”

“सोडेल. चार दिवस रडेल, मग सोडेल. पण एकदा सांगितलंस की यायचं. काही झालं तरी यायचं.”

दुसऱ्या दिवशी साक्षी पोरीसमोर उकिडवी बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि ‘खाऊ झाला की येते’ म्हणाली. आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली आणि आली. हळूहळू मित्राची जाळी सुटली. ती गाण्यात बसू लागली, खिचडी सांडू लागली, दुसऱ्या पोरांचे केस ओढू लागली. खाऊ मात्र ती दोन्ही हातांनी भराभर तोंडात कोंबायची, कारण तो जितक्या लवकर संपेल तितकी आई लवकर येणार असा तिचा हिशेब होता. वाटी पालथी करून बाईंना दाखवायची, “झाला,” म्हणायची आणि दाराकडे पळायची. तिकडे साक्षी उभी असायची, टोमॅटोच्या पाल्याने हिरवे-काळे झालेले हात पुढे करून. मित्रा आधी त्या हातांचा वास घ्यायची आणि मग कडेवर चढायची. प्रतिभाबाई रोज हे बघायच्या आणि रोज त्यांची छाती थोडी फुगायची. माणसाला आपलं एखादं काम असं डोळ्यांसमोर उभं राहिलेलं दिसलं की तो त्याच्या प्रेमात पडतो, आणि मग ते काम कुणासाठी होतं हे विसरतो.

त्यात पौष महिन्यात संस्थेचा फोन आला. पुण्याचे काही देणगीदार ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला येताहेत, तिथून ते पाळणाघर बघायला येतील, मुलं खाताना दिसली तर बरं. फोटो काढायचे आहेत आणि त्यांना अंधाराच्या आत परत जायचं आहे. बाईंनी हो म्हटलं. नाही म्हणायचं कारणही नव्हतं, छपराचा पत्रा गळत होता आणि तो बदलून मिळण्याची आशा होती.

पाहुणे आले ते मुलांच्या झोपेच्या वेळी. बाईंनी मुलांना उठवलं, तोंडं धुतली, ओळीत बसवलं. बायडाबाई आतून म्हणाली, आत्ताच कुठला खाऊ, अजून उन्हं डोक्यावर हायेत. एक दिवस काय होतंय, असं बाई म्हणाल्या. ज्या बाईने वेळेसाठी अख्ख्या टोळीशी वैर घेतलं तिने हे म्हटलं. मग डोळे चोळणाऱ्या पोरांपुढे चुरमुरे, फुटाणे आणि गुळाचा खडा आला, आणि बाईंनी पाहुण्यांसाठी त्यांच्याकडून तो क्रमही म्हणवून घेतला. “खाऊनंतर आई,” हे शेवटचं पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईने पदराने डोळे टिपले. पत्र्याचं बघू म्हणाले आणि गाड्या धूळ उडवत गेल्या.

धूळ बसली तेव्हा पोरं दाराशी गोळा झाली होती. खाऊ झाला होता, पण आया नव्हत्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या, गाणी लावली, चेंडू काढला. बाकीची पोरं पाघळली आणि खेळायला लागली. मित्रा पाघळली नाही. तिने रिकामी वाटी आणून बाईंना दाखवली.

“झाला.”

“हो गं राणी, आज लवकर झाला. येईल आई.”

मित्राने वाटी खाली ठेवली, दाराशी गेली आणि जाळी दोन्ही हातांनी धरली. पूर्वी धरायची तशी. आता इथे थोडं थांबलं असतं तर काय झालं असतं? पोरगी तासभर उभी राहिली असती, रुसली असती, मग आई आली असती. पण प्रतिभाबाईंना ती बोटं बघवेनात. पोरीची कीव आली हे खरंच, पण त्याहून जास्त त्यांना हे सोसवेना की आपला शब्द आपल्याच हाताने खोटा पडतोय. त्यांनी मोबाईल काढून साक्षीला लावला आणि तो पोरीच्या कानाशी धरला. बोल आईशी, म्हणाल्या.

“आई,” मित्रा म्हणाली, “माझा खाऊ झाला.”

पलीकडून साक्षीचा आवाज बाईंनाही ऐकू आला. आले सोने, आलेच, असं ती म्हणाली. मग बाईंनी फोन बंद केला. आज खाऊ लवकर दिलाय, तू तुझ्या वेळेने ये, एवढं सांगायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. पाहुण्यांसाठी वेळ मोडली हे सांगायची लाजही वाटली असेल. काय ते त्यांनाच ठाऊक, आणि आता त्यांनाही नीट ठाऊक नाही.

पुढचं अंजनाने नंतर सांगितलं. मळ्यात क्रेट भरायचे चालले होते, पिकअप निघायला अवकाश होता. फोन ठेवल्याबरोबर साक्षीने पाटीतले टोमॅटो दुसरीच्या पाटीत ओतले आणि पोरगी वाट बघतीय, बाईंचा फोन आलाय, म्हणून ती धावत सडकेला गेली. उदापुराकडून ओळखीचा एक जण मोटारसायकलवर येत होता, त्याला हात केला आणि मागे बसली. उन्हासाठी डोक्याला बांधलेला स्कार्फ तिने घाईत सोडला नव्हता. वाऱ्याने तो सुटला आणि मागच्या चाकात गुंतला. मोटारसायकलवाल्याला नुसतं खरचटलं. साक्षी डोक्यावर पडली आणि दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

संध्याकाळी पिकअप नेहमीच्या वेळेला आला. बाया उतरल्या. प्रत्येकीने आपापलं मूल उचललं आणि छातीशी दाबून धरलं. अंजनाने बाईंना पाण्याच्या टाकीमागे नेऊन सांगितलं, तेव्हा बाई टाकीला टेकून खालीच बसल्या. मित्रा जाळीतून पिकअपच्या रिकाम्या हौद्याकडे बघत होती. अंधार पडायला लागला तरी बाई तिला मांडीवर घेऊन बसून होत्या. आई कुठंय, असं तिने किती वेळा विचारलं आणि प्रत्येक वेळी बाईंनी तिला नुसतं जवळ ओढलं. शेवटी तिचा चुलत आजा सावळेराम न्यायला आला. सकाळी ज्याने सोडलं त्याच्याच हाती मूल द्यायचं, हा नियम त्या दिवशी मोडला आणि तो मोडतोय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

साक्षीच्या पुण्यानुमोदनाला बाई गेल्या होत्या. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावलेल्या, बाजूला साक्षीचा लग्नातला फोटो मोठा करून ठेवलेला, त्यात ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुठेतरी बघत होती. वंदना चालू होती. रत्नदीप पुढे मांडी घालून बसला होता, मधूनच उगीच शर्टाची बटणं चाचपत होता. फोन मी केला होता, हे त्याला सांगायचं असं बाई घरून ठरवून निघाल्या होत्या. सगळं झाल्यावर त्या त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्याने हात जोडले, “जय भीम” म्हणाला, यांनीही हात जोडले आणि न सांगताच बाहेर पडल्या. दुसऱ्यांच्या पोरांना खरं सांगायला लावणं किती सोपं असतं हे त्यांना घरापर्यंतच्या वाटेवर कळलं. पाळणाघरात त्या जात राहिल्या, कारण न जाऊन करणार काय? पण दारात उभं राहून आयांना काही सांगायचं त्यांनी सोडून दिलं. आया पुन्हा चपला घालायला जाऊ लागल्या.

शेतातला हरभरा सोंगायला आला तेव्हा एका सकाळी फुलाबाई काठी टेकत दारात आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मित्रा. पोरीचे केस घट्ट बांधलेले, डोळ्यांत काजळ, अंगात नवा फ्रॉक. बाईंना बघून ती हसली नाही आणि रडलीही नाही.

“ठेवून घ्या बाई हिला,” फुलाबाई म्हणाली. “माझ्याच्यानं न्हाई व्हत. इहिरीकडं पळाली तर मी काय करू, मला उठाया येत न्हाई. रत्नदीपची सुट्टी संपली.”

बाईंनी मित्राला आत बायडाबाईकडे पाठवलं. मग दाराची कडी धरून त्या बोलू लागल्या.

“फुलाबाई, त्या दिवशी साक्षीला जो फोन गेला, तो...”

“तुमचा व्हता. ठावं हाय.”

“कुणी सांगितलं?”

“बायांनी. तवाच सांगितलं.”

“रत्नदीपला?”

“त्यालाबी ठावं हाय.”

बाईंना वाटलं की आता म्हातारी काठी उगारेल, निदान शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फुलाबाई नुसती पायरीकडे बघत उभी होती, उतरायची की नाही याचा अंदाज घेत असल्यासारखी.

“आणि तरी पोरीला इथेच आणलीत?” बाईंनी विचारलं.

“मग कुठं नेऊ?”

पंचक्रोशीत दुसरं पाळणाघर नव्हतं, आणि असतं तरी फुलाबाईचे गुडघे तिथवर गेले नसते. म्हातारीने पदर सावरला आणि जाता जाता एकच गोष्ट मागितली. पोरीला आमी काय सांगितल्यालं न्हाई, आई कामाला गेलीया म्हनतो, तुमीबी तेवढंच म्हना. एवढं आमच्यासाठी कराच. तिने ‘कराच’ म्हटलं ते रागाने नव्हे, पण बाईंना ते सगळ्या शिव्यांहून लागलं. ज्या बाईने या दारात उभं राहून तिच्या सुनेला खोटेपणाबद्दल फाडून खाल्लं होतं, तिच्याकडेच म्हातारी आता खोटं मागत होती, आणि बाईंना नाही म्हणायचं तोंड उरलं नव्हतं.

ते खोटं म्हणायला फार वेळ लागला नाही. गाणी संपायच्या आतच मित्राने बाईंच्या साडीचा सोगा ओढला आणि विचारलं, आई कुठंय? “कामाला गेलीय,” बाई म्हणाल्या. कधी येणार? “येईल हं.” इतकं सहज आलं की बाई स्वतःच दचकल्या. इतकी वर्षं इतर आया रोज सकाळी हेच करत होत्या आणि आपण त्यांना काय काय बोललो, हे त्यांना एकेक आठवत गेलं. खिचडी झाली. झोप झाली. बाईंनी बायडाबाईला बजावून ठेवलं होतं की आता पोरांकडून तो क्रम म्हणून घ्यायचा नाही. पण पोरांना सवय लागलेली. वाट्यांचा आवाज आल्याबरोबर ती आपणहून ओरडली, खाऊनंतर आई. मित्रानेही म्हटलं, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच मोठ्याने. बायडाबाई चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

खाऊ त्या दिवशीही चुरमुरे आणि फुटाणेच होते. मित्राने ते पूर्वीसारखे कोंबले नाहीत. एकेक दाणा उचलून, बघून, ती तोंडात टाकत होती. पिकअप आला, आया आल्या, पोरं एकेक करून कडेवर चढून गेली. जाळीचं दार उघडत होतं, बंद होत होतं. मित्राने एकदाही तिकडे मान वळवली नाही. ती दाराकडे पाठ करून भिंतीशी बसली होती, आणि वाटीवर तिने आपला पंजा झाकणासारखा धरला होता.

सगळे गेल्यावर बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, साक्षी बसायची तशा. आजी यायला अजून वेळ होता. बाईंनी हळूच तिचा पंजा उचलला. वाटीत एक फुटाणा राहिला होता.

“एवढा एकच राहिलाय की गं. खाऊन टाक.”

मित्राने मान हलवली आणि पंजा परत वाटीवर ठेवला. का गं, असं बाईंनी विचारलं. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या कमरेला खोचलेल्या मोबाईलकडे पाहिलं.

“माझा खाऊ न्हाय झाला,” ती म्हणाली. “आईला फोन नको करू.”

पोरगी उत्तराची वाट बघत होती. वाटीवरची बोटं घट्ट होती, जाळीवर असायची तितकी घट्ट.

“नाही करत,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसभरात बाई पोरीशी तिच्या आईबद्दल जे बोलल्या त्यातलं तेवढंच एक खरं होतं.